गुरुवारचा बांगडा

“हा माझ्याकडं बघतोय,” अप्पा म्हणाले.

“कोण?”

“हा.”

ताटात बांगडा होता. तव्यावरून नुकताच उतरलेला, रव्यात घोळलेला, डोक्यासकट. आणि खरोखरच तो अप्पांकडे बघत होता. अप्पाही त्याच्याकडे बघत होते. दोघांपैकी कुणाचीच पापणी लवत नव्हती. बांगड्याला निदान पापण्या नसतात, हे कारण होतं.

“डोकं बाजूला काढू का?” मी विचारलं.

“नको. उगं अपमान व्हायचा.”

“अप्पा, तो मेलाय.”

“म्हून काय झालं?”

मी माझा बांगडा खाऊन मोकळा झालो होतो आणि माझ्या ताटात नुसता काटा उरला होता. अप्पांनी त्या काट्याकडे एकदा पाहिलं आणि सोलकढीचा आणखी एक पेला मागवला. धीर यावा म्हणून ते मघापासून सोलकढी पीत होते. सोलकढीने धीर येत नाही, ढेकर येतो. तो त्यांना आला.

खानावळीच्या मालकीण सुगंधामावशी गल्ल्यावरून हे सगळं बघत होत्या. शेवटी त्या उठून आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“काय हो बाबा, मासा आहे तो, पाहुणा नव्हे. बोलत काय बसलायत त्याच्याशी? गार झाला की चामट लागेल.”

“खातो की,” अप्पा म्हणाले. “जरा वळख होऊ द्या.”

त्या काळात मी रत्नागिरीत एक धंदा करत होतो. धंदा म्हणजे मामाची रिक्षा आणि तिच्या पाठीवर लावलेला एक बोर्ड: ‘खा, प्या, फिरा! रत्नागिरी एका दिवसात.’ बी.कॉम. झाल्यावर घरच्यांनी बँकेच्या परीक्षा दे म्हणून लकडा लावला होता, त्यावर मी काढलेली ही पळवाट. सकाळी घावन-चटणी, मग थिबा राजवाडा, दुपारी मासे, मग किल्ला, दीपगृह, आणि संध्याकाळी मांडवीला भेळ, असा कार्यक्रम होता. जिथे इतिहास माहीत नसे तिथे मी तो जागेवर तयार करून देत असे. अप्पांच्या आधी गिऱ्हाईक म्हणून एक नवं जोडपं आलं होतं. ते किल्ल्यावर भांडलं आणि दोघं दोन वेगळ्या रिक्षांनी परत गेलं. दोन्ही रिक्षा दुसऱ्यांच्या होत्या.

अप्पा त्या दिवशी सकाळी एस.टी. स्टँडवर भेटले. मन्मथप्पा हलगे, मुक्काम उदगीर, बांधकाम खात्यातून निवृत्त. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, गळ्यात सदऱ्याच्या आत चांदीच्या डबीतलं लिंग. त्यांनी माझा बोर्ड सावकाश वाचला.

“ह्यात मासा हाय का?”

“आहे की.”

“खायला देता, का नुसता दावता?”

“तुम्ही म्हणाल तसं.”

रिक्षात बसल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्यात मांसमच्छी चालत नाही. त्यांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता. त्यांची मंडळी मात्र इथली, रत्नागिरीची. अप्पांची इथे बदली झालेली असताना दोघांचं जमलं, घरच्यांना न जुमानता लग्न झालं, आणि उदगीरला सासरी आल्यावर बाईंनी मासा सोडला.

“माज्यापायी सोडला. तीस-बत्तीस वर्सं. एका शब्दानं कुरकुर न्हाई. पर सारखी सांगायची बगा. बांगडा असा, बांगडा तसा. मी ऐकून घ्यायचो. एकदा तरी म्हनावं का न्हाई, की चल, खाऊन ये? न्हाई म्हनलो.” ते बाहेर बघत म्हणाले. “दोन महिने झाले तिला जाऊन. मला एक घास खायचाय, तिच्या नावानं. दिस मावळायच्या आत. रातच्याला माझी परतीची गाडी हाय.”

“एवढंच ना? खाल्लाच समजा,” मी म्हणालो.

अडचण एकच होती. त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी अर्धी रत्नागिरी मासा खात नाही आणि उरलेली अर्धी खाऊन सांगत नाही. तरी मी सकाळी एका टपरीवर घावनाबरोबर सुकटीची चटणी मिळवली. अप्पांनी चार घावन खाल्ले आणि चटणी पानासकट हलकेच माझ्या बाजूला सरकवली. “सुरवात तरी झाली,” ते म्हणाले. काय सुरू झालं होतं ते मला कळलं नाही.

मग मी त्यांना थिबा राजवाड्यावर नेलं. हा एकच इतिहास मला खरा येत होता. ब्रह्मदेशचा राजा, इंग्रजांनी पकडून बायकामुलांसकट इथे आणून ठेवला, तो इथेच राहिला आणि इथेच वारला. अप्पा वरच्या गच्चीतून खाडीकडे बराच वेळ बघत होते.

“आन् त्याला न्यायला कुनी आलं न्हाई?”

“कोण येणार?”

“कुनी बी. त्याच्या मानसांनी मूळ धाडायला पायजे हुतं.”

“अप्पा, घरी न्यायला मूळ येतं ते माहेरवाशिणीला. राजाला माहेर नसतं.”

“ते बी खरंच,” अप्पा म्हणाले. “पर वाट बघत आसंल बिचारा. आपल्या पायानं जावं तर लाज, आन् न्यायला तर कुनी येईना.”

ब्रह्मदेशच्या राजाची एवढी काळजी त्याच्या हयातीतही कुणी केली नसावी.

तर दुपारी आम्ही सुगंधामावशींकडे बसलो होतो आणि बांगडा गार होत होता. अप्पांनी शेवटी त्याचा कपचा मोडला. बोटं तोंडापाशी नेली, डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

“ती सांगायची, शेपटीकडनं सुरवात करायची म्हून. तिचा भाऊ शेपटीकडनं खायचा. एकदम सगळा. काटा अस्सा वढून काढायचा, फणी काढल्यावानी.” कपचा त्यांनी परत बांगड्याच्या अंगावर ठेवला, जिथून काढला होता तिथेच, नीट बसवून. “बांधून देता का, बाई?”

“घरी नेऊन खाणार?” मावशींनी विचारलं.

“बघू. दिस मावळायला टाईम हाय अजून.”

मावशींनी वर्तमानपत्रात गुंडाळून पुडी बांधली आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “कुठून आणतोस रे असली माणसं?”

पुडी मागच्या सीटवर अप्पांच्या शेजारी बसली. आम्ही किल्ला केला. दीपगृह केलं. भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे अप्पांनी पँट दुमडून पायाचे फक्त अंगठे भिजवले. मांडवीला भेळ खाल्ली. दर वेळी मी विचारत होतो, “अप्पा, आता?” आणि दर वेळी ते म्हणत होते, “आजून काय हाय दावायला?”

कार्यक्रम संपला होता. पण सूर्य खाली येत होता आणि गिऱ्हाईक उठायला तयार नव्हतं, म्हणून मी पदरचं दाखवायला लागलो. नगरपालिकेची पाण्याची टाकी दाखवली. माझी शाळा दाखवली. ज्या चिंचेवरून पडून माझा हात मोडला ती चिंच दाखवली, आणि ज्या डॉक्टरांनी तो वाकडा जोडला त्यांचा दवाखानाही. अप्पांनी सगळं मन लावून पाहिलं. माझ्या लक्षात मात्र एक गोष्ट यायला लागली होती. या माणसाला रस्ते माहीत होते. मी वळायच्या आधी ते त्या बाजूला कलत. एका फाट्यावर तर त्यांनी वाडीकडे उतरणारा रस्ता दिसू नये अशी मान फिरवली. त्या फाट्यावरून आम्ही तोवर तीनदा गेलो होतो.

चौथ्यांदा तिथे आलो तेव्हा मी रिक्षा थांबवली.

“अप्पा, आता दाखवायला फक्त माझं घर राहिलंय. तिथे आई विचारेल बँकेच्या परीक्षेचं. तेवढं टाळा.”

अप्पा हसले नाहीत. त्यांनी पुडीवर हात ठेवला होता, कुणाच्या तरी गुडघ्यावर ठेवावा तसा.

“हितनं खाली घ्या,” ते म्हणाले. “उताराला. फणसाच्या पुढं घर हाय. फणस आसंल तर.”

फणस होता. पुढे कौलारू घर, शेणाने सारवलेलं अंगण, आणि अंगणात साठीच्या आतबाहेरचा एक माणूस पहारीवर नारळ सोलत बसलेला. मावळतीचं ऊन थेट रिक्षात येत होतं म्हणून मी दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिकचे पडदे सोडलेले होते. अप्पा पडद्याखालून वाकून उतरले आणि अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले. चपला काढल्या. पुन्हा घातल्या.

नारळ सोलणाऱ्याने वर पाहिलं. जरा वेळ तो नुसता बघत राहिला.

“भावोजी?”

अप्पांनी हात जोडले.

तो माणूस उठला. हातातला नारळ गडगडत गेला, तिकडे त्याने पाहिलंही नाही. तो अप्पांच्या खांद्यावरून माझ्या रिक्षाकडे बघत होता, सोडलेल्या पडद्यांकडे. आणि त्याचा चेहरा फुलून गेला.

“आत बसली काय?” तो म्हणाला. “अजून तशीच! न्यायला आल्याशिवाय उतरायची नाय.” मग घराकडे वळून ओरडला, “अगो, भाकरी आण! पाणी आण तांब्यातून! बाय आली!”

“चंद्रकांतराव,” अप्पा म्हणाले, “जरा ऐका...”

“तुमचं मागून ऐकतो, भावोजी. आधी तिचं.”

आतून एक बाई धावत आली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात तांदळाच्या भाकरीचा तुकडा. बऱ्याच दिवसांनी कुणी घरी आलं की उंबऱ्याबाहेर त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, वाटेतली नजर जावी म्हणून. चंद्रकांतकाकांनी ते दोन्ही तिच्या हातातून घेतलं आणि ते रिक्षाकडे चालत आले. मी पुढे हँडल धरून बसलो होतो. मी त्यांना दिसलोच नाही. ते मागच्या पडद्यापाशी उभे राहिले आणि पडद्याशी बोलायला लागले.

“उतर आता, बाय. बाबा गेले तेव्हाच येणार होतो न्यायला. पण म्हटलं, तू गेलीस ना आपल्या पायांनी, मग ये आपल्या पायांनी. चुकलं माझं. हे बघ, आलो मी. मूळ आलं तुला. अंगणापासून रिक्षापर्यंतच का होईना, पण आलं. आता रुसू नको.”

पडद्यातून अर्थातच उत्तर आलं नाही.

“बाय?”

मला कुठल्याही प्रसंगाला काहीतरी सुचतं. मयताला गेलो तरी सुचतं, आणि मग मला कोपरखळ्या मारून गप्प करावं लागतं. त्या वेळी काही सुचलं नाही. मी खाली उतरलो आणि पडदा वर केला. सीटवर कापडी पिशवी होती आणि तिच्या शेजारी पुडी.

“काका,” मी म्हणालो, “अप्पा एकटेच आलेत.”

त्यांनी सीटकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग वळून अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या अप्पांकडे पाहिलं. अप्पांचे हात अजून जोडलेलेच होते.

“कधी?”

“दोन महिने झाले,” अप्पा म्हणाले. “नंबर न्हवता कुनाचा. आन् मागायचा तरी कुनाला? येवढ्या वर्सांत कुनी कुनाला इचारलंच न्हाई.”

काका तसेच उभे राहिले. हातात तांब्या, हातात भाकरी. तो तुकडा एकदा उंबऱ्याबाहेर काढला की परत घरात नेत नाहीत, आणि ज्याच्यावरून ओवाळायचा ते माणूस नव्हतं. थोडा वेळ त्यांनी आजूबाजूला शोधल्यासारखं केलं. मग त्यांनी तो माझ्यावरून ओवाळला.

“काका, मी इथलाच आहे,” मी म्हणालो. “रोज इथेच असतो.”

“गप उभा राहा.”

मी गप उभा राहिलो. त्यांनी तुकडा दोन बाजूंना टाकला, पाणी सांडलं, आणि ते विहिरीकडे गेले.

बातमी दहा दिवसांनंतर कळली की सुतक नसतं, नुसती आंघोळ असते. काकांनी अंगावरच्या कपड्यांसकट बादल्या ओतून घेतल्या. अप्पांनी आपली झाली आहे असं सांगूनही काकांनी त्यांच्यावर एक ओतली. मी जवळ उभा होतो म्हणून अर्धी माझ्यावर आली. मला कुणी जा म्हणालं नाही, आणि ओल्या अंगाने जायचं तरी कुठे, म्हणून मीही ओटीवर बसलो. काकांचा पंचा नेसून.

काकांच्या बायकोने, मालिनीकाकूंनी, पानं मांडली. वरण, भात, लाल भोपळ्याची भाजी. वाढताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पदराने टिपायला त्यांचा हात रिकामा नव्हता.

“भावोजी, मासा नाही आमच्याकडे. भिऊ नका,” त्या म्हणाल्या. “या घरात शिजतच नाही. यांनी सोडलाय. बाय घर सोडून गेली त्या दिवशी बोलले देवापुढे, बाय घरी येईपर्यंत मासा तोंडात घालणार नाही. मग मी तरी एकटीसाठी कुठे करायचा? मी या घरात आल्यापासून नाही खाल्ला.”

समुद्राची गाज त्या ओटीवर ऐकू येत होती. सगळी वाडी मासे खात होती आणि या घरात भोपळा.

अप्पांचा हात भातावर थांबला होता.

“तिनं बी सोडला हुता,” ते म्हणाले. “माज्यापायी.”

“कुणी?” काकांनी विचारलं.

“रोहिणीनं. आमच्या घरात आली आन् मासा सोडला. लई आवड हुती तिला, आन् मी...”

“बायनं मासा सोडला?” काकांनी ओलं डोकं वर केलं. “भावोजी, बाय कधी मासा खायचीच नाय.”

“आसं कसं?”

“लहानपणापासून. वासानं पळायची. आईने वाढला की आईची पाठ वळायचा अवकाश, तिचा बांगडा माझ्या ताटात. रोज. माझे दोन व्हायचे, तिचा रिकामा काटा. तो काटा पण माझाच उचलून न्यायची, आईला दाखवायला.”

“न्हाई वो,” अप्पा म्हणाले. “सारखी सांगायची ती. बांगड्याचं तिखलं आसायचं, आई दाट रस्सा करायची, आन् चंद्या दोन-दोन खायचा. बांगडा तळला की चंद्या शेपटीकडनं सुरू व्हायचा. पावसात सुके बांगडे भाजले की चंद्या चुलीपासनं हलायचा न्हाई...”

ते थांबले. ओठ हलत होते. मला वाटतं, ते मागे मागे जाऊन एकेक तपासत होते, बांगडा, सुरमई, कोळंबी, सुकट, आणि प्रत्येकात त्यांना तोच एक मुलगा जेवत बसलेला दिसत होता.

“आन् मी म्हनायचो,” अप्पा म्हणाले, “पुरं कर तुजं मासेपुराण.”

काकू हातात वरणाचं भांडं घेऊन उभ्या होत्या.

मग अप्पा माझ्याकडे वळले. “ती पुडी आना.”

मी पुडी आणली. अप्पांनी सुतळी सोडली. कागदाला तेल सुटलं होतं आणि वर्तमानपत्राची काही अक्षरं बांगड्याच्या पोटावर उमटली होती. ज्या माणसाला दिवसभर त्याला बोट लावताना कसंसं होत होतं, त्याने तो दोन्ही हातांनी उचलला, आधी स्वतःच्या भातावर ठेवला, जरा थांबला, आणि मग काकूंची पाठ वळलेली नसतानाही, चोरून ठेवावा तसा काकांच्या ताटात सरकवला.

काका त्याच्याकडे बघत राहिले. बांगडाही बघत होता.

“अहो, आज गुरुवार,” काकू अगदी हळू म्हणाल्या.

“असू दे.”

त्यांनी शेपटीकडून सुरुवात केली. पहिला घास खूप वेळ चावला. मग दुसरा. काटा ओढून काढायला गेले तर तो मधेच तुटला, आणि तुटलेल्या तुकड्याकडे ते असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या हातून तुटला होता. खाता खाता थांबून त्यांनी काकूंकडे पाहिलं.

“असाच लागायचा काय गो?”

“मला काय विचारता? इतकी वर्षं झाली. मला नाही आठवत.”

त्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी मान हलवली. त्यांना माहीत असायचा प्रश्नच नव्हता. जिला विचारता आलं असतं, तिनेही कधी खाल्ला नव्हता.

मग त्या तिघांनी माझ्याकडे पाहिलं. पंचा नेसून भिंतीला टेकलेला मी, त्या ओटीवर बांगड्याची चव माहीत असलेला एकटाच माणूस. पुढे मी बँकेच्या परीक्षा दिल्या, पास झालो, आता दिवसभर लोक मला खिडकीतून काही ना काही विचारत असतात आणि मी बरोबर उत्तरं देत असतो. पण तसं मला त्यानंतर कुणी काही विचारलेलं नाही.

सकाळी जाळ्यातून निघालेला, दुपारी तळलेला, दिवसभर रिक्षातून फिरलेला, गार, चामट, वर्तमानपत्राचा वास लागलेला बांगडा होता तो. मासा असा लागत नाही.

“हो काका,” मी म्हणालो. “असाच लागतो.”